'ते क्येरो'ला शिडी लावू नका

पुण्यात मी गेली काही वर्षे स्पॅनिश शिकवते आणि जमेल तसे भाषांतरही करते. दर नव्या तुकडीत, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कुणीतरी मोबाइलवर एक चित्र दाखवते. चित्रात शिडी असते. खालच्या पायरीवर 'मे गुस्तास', मधल्या पायरीवर 'ते क्येरो' आणि सगळ्यात वर 'ते आमो'. पायरीगणिक बदाम मोठा होत जातो. शेजारी अर्थ लिहिलेले असतात: 'तू मला आवडतोस', 'तू मला हवा आहेस', 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. यंदा या चित्रावरून वर्गात दोन दिवस वाद रंगला. एका बाजूचे म्हणणे, 'ते क्येरो' हे अर्धेकच्चे प्रेम, खरे प्रेम फक्त 'ते आमो'. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, स्पॅनिशमध्ये प्रेमाच्या इतक्या छटा आहेत की मराठीत त्या उतरणेच शक्य नाही. मराठी माणूस प्रेम करतो पण बोलत नाही, म्हणून आपल्याकडे त्याला शब्दच नाहीत. तेव्हा मराठी भाषांतरातही सरळ 'आय लव्ह यू' लिहावे आणि मोकळे व्हावे.

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात आणि दोघांची चूक एकाच जागी आहे. दोघेही स्पॅनिशकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतात. 'लाइक', 'वॉन्ट' आणि 'लव्ह' हे तीन खण इंग्रजीचे आहेत. स्पॅनिशने आपली भावना या खणांत कधी ठेवली नाही आणि मराठीनेही ठेवली नव्हती. प्रेमाचे शब्द दुसऱ्या भाषेत नेताना प्रेम किती आहे हे मोजत बसण्यात अर्थ नाही. कोण बोलते आहे, कुणाशी बोलते आहे आणि वाक्यात कर्ता कोण आहे, हे आधी पाहायला हवे. आणि या तिन्ही बाबतींत मराठी ही स्पॅनिशची इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची नातलग आहे, हे माझे ठाम मत आहे.

आधी 'क्येरो' हे ज्याचे रूप आहे त्या 'केरेर' या क्रियापदाकडेच पाहू. ते लॅटिन 'क्वाएरेरे'पासून आले. त्याचा अर्थ शोधणे, विचारणे, मागणे. शोधण्यातून 'हवे असणे' आले आणि हवे असण्यातून 'प्रेम करणे'. आज स्पॅनिश माणूस हॉटेलात कॉफी हवी असली की हेच क्रियापद वापरतो आणि आईचा फोन ठेवतानाही हेच. यावर शिडीवाले म्हणतात, बघा, कॉफीच्या तोडीचे प्रेम! पण हिंदी सिनेमा बघत वाढलेल्या मराठी माणसाला तरी हे कोडे पडू नये. हिंदीतल्या 'चाहना'त हवे असणे आणि जीव जडणे एकत्रच नांदतात. पडद्यावरचा नायक 'मैं तुम्हें चाहता हूँ' म्हणाला तेव्हा, हा गडी अजून 'प्यार'च्या पायरीवर पोचलेला नाही, असे थिएटरात कुणाला वाटले होते का?

खरे तर शिडी मोडायला एक लग्न पुरेसे आहे. स्पेनमध्ये लग्न लागताना वधूवर जे उत्तर देतात ते 'सी, क्येरो'. 'होय, माझी इच्छा आहे.' जन्माची गाठ ज्या शब्दावर बांधली जाते तो मधल्या पायरीवर कसा बसवायचा? इथे 'केरेर'चा आणखी एक पदर दिसतो, तो संकल्पाचा. गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'सिन केरेर'. म्हणजे मनात नसताना, मुद्दाम नव्हे. ज्या शब्दाच्या अभावाने एखादी गोष्ट 'नकळत' ठरते, त्या शब्दाच्या असण्यात जाणूनबुजून केलेली निवड असणारच. माझ्या कानाला तरी 'ते क्येरो'त हा निर्धार स्पष्ट ऐकू येतो. तू मला सापडलास आणि मी तुला निवडले, असे काहीसे.

शिवाय 'ते क्येरो' म्हणजे सोज्वळ, घरगुती, बिनधोक माया, हा समजही टिकत नाही. पत्राच्या मायन्यातला 'केरिदो' हा आपला 'प्रिय', हे खरे. पण त्याच शब्दाचे नाम करून 'ला केरिदा' म्हटले की अर्थ होतो ठेवलेली बाई. एकाच धातूतून आईची माया निघते आणि आडपडद्याचे नातेही निघते. शेजारच्या कातालान भाषेत प्रेमाची कबुली 'तेस्तिमो' अशी देतात. तिचे मूळ लॅटिन 'मोल करणे' या क्रियापदात आहे. म्हणून बार्सेलोनाचे प्रेमिक एकमेकांची फक्त किंमत ठरवतात, असे आपण म्हणणार आहोत का? शब्दाचा उगम शब्दाचे आयुष्य ठरवत नाही.

कवींची साक्षही शिडीच्या विरुद्ध जाते. वयाची विशी पूर्ण व्हायच्या आत चिलीच्या पाब्लो नेरुदाने १९२४ साली प्रेमकवितांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यातली विसावी कविता स्पॅनिश जगात शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. कवी म्हणतो, तिच्यावर मी प्रेम केले, कधी कधी तिनेही माझ्यावर केले. आता करत नाही हे खरे, पण कदाचित करतही असेन. हे सगळे करणे-न-करणे 'केरेर'मध्येच चालते. त्या कवितेत 'आमार', म्हणजे 'ते आमो'तले क्रियापद, येते ते तिच्या टक लावून पाहणाऱ्या मोठ्या डोळ्यांसाठी. शिडी खरी मानली तर कवीने डोळ्यांवर पूर्ण प्रेम केले आणि बाईवर अर्धे, असे वाचावे लागेल. एवढ्या मोठ्या विरहाच्या कवितेचे असले वाचन कुणाला मान्य होईल?

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत या दोन शब्दांत लोक खरोखर फरक करतात. मैत्रिणीला, मावशीला, नुकत्याच जुळलेल्या जोडीदाराला 'ते क्येरो', आणि 'ते आमो' मात्र जपून, नाते मुरल्यावर. तिथल्या एखाद्या मुलीला दोन वर्षांच्या सोबतीनंतरही 'ते क्येरो'च ऐकायला मिळाले, तर ते तिला लागू शकते. हे मी नाकारत नाही. मेक्सिकोतल्या कथेचे भाषांतर करताना हा फरक पुसून टाकणे म्हणजे कथेचा कणा मोडणे. नवशिक्यांना काहीतरी सोपा आडाखा द्यावा लागतो, हेही मला रोजच्या शिकवण्यातून कळते. पण हा फरक शब्दाच्या अंगचा नाही, वहिवाटीचा आहे, आणि वहिवाट देशागणिक बदलते. स्पेनमध्ये तोच 'ते आमो' पुष्कळांच्या कानाला पुस्तकी, नाटकी, मालिकेतला वाटतो. वीसेक देशांची राजभाषा असलेल्या भाषेसाठी एकच शिडी रंगवून ती वर्गावर्गात टांगायची, तर निदान ती कुठल्या देशातली, हे तरी खाली लिहायला हवे.

स्पेनमधल्या सालामांकात मी काही महिने एका वृद्ध जोडप्याच्या घरी राहिले होते. आजोबांची नजर अधू झाली होती. दुपारच्या जेवणाला मासा असला की आजी आधी त्यांची बशी स्वतःपुढे ओढत, काट्यासुरीने माशाचा एकेक काटा बाजूला काढत, बोटाने चाचपून खात्री करत आणि मग बशी त्यांच्यापुढे सरकवत. तोवर त्यांचा स्वतःचा मासा निवून जाई. एकदा मी शिकाऊपणाच्या उत्साहात विचारले, तुम्ही यांना 'ते आमो' म्हणता का? आजी क्षणभर थांबल्या. 'ते सिनेमात म्हणतात,' त्या म्हणाल्या, आणि आजोबांकडे हनुवटीने दाखवून पुढे, 'आ एस्ते ले क्येरो.' लगेच पुन्हा काटे काढायला लागल्या. त्या क्षणी माझ्या मनात ते वाक्य इंग्रजीत उमटलेच नाही. थेट मराठीत उमटले: 'ह्यांच्यावर माझा जीव आहे.'

आजींच्या वाक्याच्या सुरुवातीला जो छोटासा 'आ' आहे, त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. स्पॅनिशमध्ये कर्म ठरावीक माणूस असेल तर त्याच्या आधी हा 'आ' लागतो, वस्तू असेल तर लागत नाही. 'क्येरो उन इहो' म्हणजे मला मुलगा हवा आहे. 'क्येरो आ मी इहो' म्हणजे माझ्या मुलावर माझा जीव आहे. क्रियापद तेच, पण एका अक्षराने हवे असण्याचे प्रेम झाले. कारण आता समोर वस्तू किंवा कल्पना नाही, नाव-गाव असलेला माणूस आहे. इंग्रजी वाटेने येणाऱ्याला हा 'आ' फार छळतो. मराठी मुलांना मी एवढेच विचारते की, 'मी घर पाहिले' म्हणता आणि 'मी आजीला पाहिले' म्हणता, ते 'ला' कुठून आले? वर्गात एकदम शांतता पसरते, मग कुणीतरी हसते. माणसाला आणि वस्तूला एकाच मापाने मोजायचे नाही, ही खबरदारी दोन्ही भाषांनी आपापल्या परीने व्याकरणातच घेऊन ठेवली आहे. आणि आपण मात्र तिच्याकडे पाहायला इंग्रजीचा चष्मा शोधतो. मागे एका मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत, मरणाच्या दारात असलेल्या आईचा हात धरून बसलेला मुलगा 'मी तुला इच्छितो' म्हणताना मी वाचला. मूळ संवाद होता 'ते क्येरो, मामा'. आधी इंग्रजी 'वॉन्ट', मग त्याचे मराठी. त्या रात्री मला खरोखर संताप आला. जगातले सगळ्यात साधे वाक्य त्या मुलाच्या तोंडून काढून घेतले होते.

'मे गुस्तास'ची कथाही अशीच. 'गुस्तार' म्हणजे रुचणे. मूळ लॅटिन शब्द चवीचा. त्याची रचना अशी, की 'तू' कर्ता आणि 'मला' हे ज्याला अनुभव येतो त्याचे स्थान. 'तू मला आवडतेस.' तेच शब्द, तीच मांडणी, क्रियापदाचा प्रत्ययही 'तू'लाच जुळणारा. इंग्रजीत मात्र आवडणारा माणूस कर्म होतो आणि 'मी' पुढे येऊन बसतो. म्हणून नेरुदाच्या त्याच संग्रहातल्या पंधराव्या कवितेची पहिली ओळ इंग्रजीला सुखासुखी पेलली नाही. १९६९ साली आलेल्या प्रसिद्ध भाषांतरात डब्ल्यू. एस. मर्विनसारख्या मोठ्या कवीलाही 'आय लाइक फॉर यू टू बी स्टिल' अशी वळणाची वाट घ्यावी लागली. त्यात कवीला आवडते ते तिचे स्तब्ध असणे. मूळ ओळीत आवडते ती स्वतः. मराठीत? 'तू गप्प असतेस तेव्हा मला आवडतेस.' यात भाषांतरकाराची कसलीच करामत नाही, भाषेनेच ते आयते हातात दिले. (या ओळीतल्या गप्प बाईवर आजच्या स्त्रिया जो आक्षेप घेतात तो मला मान्य आहे. पण आक्षेप घ्यायलाही आधी ओळ नीट पोचावी लागते.)

यावर कुणी म्हणेल, 'आवडणे' फिकट नाही का? आंबा आवडतो, पावसाळा आवडतो, नवी गाडी आवडते. तीच मुलगीही आवडते? पण हा फिकेपणा शब्दाला अलीकडे आला आहे आणि तो 'लाइक'च्या सहवासाने आला आहे. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' या अभंगात तुकाराम 'आवडे निरंतर हेचि ध्यान' म्हणतात. ते 'आवडे' लाइकच्या अंगठ्याएवढे आहे का? संतांच्या भाषेत 'आवडी' म्हणजे प्रेमच, सगळे चित्त व्यापणारे. गोष्टीतल्या राजाची आवडती आणि नावडती राणी आठवा. तिथेही एका शब्दाने दोन बायकांच्या जन्माचा निकाल लागतो. आजही गावात, कॉलेजच्या कट्ट्यावर, बसस्टॉपवर मराठी मुलगा मुलीला धीर एकवटून जे सांगतो ते 'तू मला आवडतेस' हेच असते. ते ऐकून तिला धडकी भरते किंवा आनंद होतो. आंब्याची आठवण येत नाही.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. नेरुदा, स्पेनचा कवी लोर्का, कोलंबियाचा कादंबरीकार गार्सिया मार्केस आपल्यातल्या बहुतेकांना भेटले ते इंग्रजीच्या मध्यस्थीनेच. मलाही आधी तसेच भेटले. ज्या भाषांतरकारांनी इंग्रजीवरून ही पुस्तके मराठीत आणली त्यांनी आपले वाचन मोठे केले. स्पॅनिश येत नाही तोवर काही करूच नका, असे त्यांना सांगितले असते तर आपण पन्नास वर्षे उपाशी राहिलो असतो. त्यांच्याविषयी माझ्या मनात ऋणाचीच भावना आहे. पण त्या काळी स्पॅनिश शिकण्याची सोय दुर्मीळ होती. आज पुण्या-मुंबईत शेकडो मुले ही भाषा शिकतात, कुणी नोकरीसाठी, कुणी फुटबॉलपायी, कुणी गाण्यांच्या वेडाने. ज्यांच्या हातात मूळ ओळ आहे त्यांनीही ती आधी मनात इंग्रजी करून मगच मराठी करावी, यामागे आता कुठली अडचण आहे? मला तर ती सवयच वाटते. पुण्याहून साताऱ्याला जायला मुंबईचे तिकीट काढण्यासारखी.

माणसे एकमेकांना हाक कशी मारतात, इथे तर इंग्रजी हातच टेकते. स्पॅनिशमध्ये जवळच्याला म्हणतात 'तू'. हो, उच्चारही तोच, आणि योगायोगही नव्हे. दोन्ही शब्द एकाच दूरच्या घरचे. मान द्यायचा तर 'उस्तेद', जो 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनातून झिजत झिजत आला. अर्जेंटिना-उरुग्वेत 'तू'च्या जागी 'वोस' असतो. पण कोलंबियात, बोगोताच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात, नवरा-बायको आणि प्रेमी एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, त्याच दरबारी संबोधनाचे दुसरे रूप असलेले 'सूमेर्से'ही म्हणतात आणि ते ऐकायला अतिशय लाघवी वाटते. पाठ्यपुस्तक सांगते की 'उस्तेद' म्हणजे परकेपणा. मग 'उस्तेद' म्हणून कुणाला मिठीत कसे घेता येते? हा प्रश्न माझ्या वर्गात एका मुलाने विचारला आणि मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरची, चाळिशीची एक विद्यार्थिनी म्हणाली, 'माझी आई बाबांना आयुष्यभर अहो म्हणत आली.' पुढे काही समजावण्याची गरजच उरली नाही. 'अहो, ऐकलंत का?' यात किती अंतर असते आणि किती जवळीक, हे 'यू'ला कधी कळणार? अर्थात आपल्या 'अहो'ला उत्तर 'अगं' असे येत असे, कोलंबियातला 'उस्तेद' मात्र दोन्हीकडून असतो. हा फरक भाषांतरात विसरून चालणार नाही. दोघांनाही 'अहो-जाहो' करायला लावले तर मराठी कानाला सुरुवातीला खटकेल. खटकू द्यावे. तिथल्या नात्याची चव त्या खटकण्यातच आहे.

विरहाबद्दल थोडक्यात. स्पेनमध्ये 'ते एचो दे मेनोस' म्हणतात. हा वाक्प्रचार पोर्तुगीजमधल्या 'कमी सापडणे' अशा अर्थाच्या शब्दांवरून आला. लॅटिन अमेरिकेत 'ते एक्स्त्रान्यो', ज्याच्या मुळाशी 'परका' आहे. आणि दोन्हीकडे चालते ते 'मे आसेस फाल्ता': तू माझ्या ठायी उणीव करतोस. 'तुझी आठवण येते' आणि 'तुझी उणीव भासते' या दोन्ही मराठी वाक्यांत 'मी' काहीच करत नाही, जे व्हायचे ते माझ्या बाबतीत होते. या दोहोंतून योग्य ते निवडले की काम होते. तरीही आपण 'मी तुला मिस करतो' लिहितो.

सगळ्यात अवघड जागा इच्छेची. 'ते देसेओ सुएर्ते' म्हणजे शुभेच्छा. पुढचा शब्द गाळून नुसते 'ते देसेओ' म्हटले की ते देहाचे होते. 'तेंगो गानास दे ती', म्हणजे 'मला तुझी इच्छा होते आहे', हे तर आणखी उघड. इथे मराठी भाषांतरकाराच्या हाताला कंप सुटतो. 'देसेओ'चे हमखास भाषांतर होते 'वासना'. पण 'वासना' म्हटल्याबरोबर आपण आरोपपत्र दाखल केलेले असते. लालसा, हाव, विकार, सगळे शब्द कठड्यात उभे केल्यासारखे. स्पॅनिश 'देसेओ'वर असा शिक्का नाही. तो दुःखाचा असू शकतो, भक्तीचा असू शकतो, बायकोविषयीचा असू शकतो. मराठीत इच्छेला निर्दोष शब्दच नाही, असे म्हणणारे इथे सगळ्यात जास्त बरोबर आहेत, आणि तरीही पूर्ण बरोबर नाहीत. आपल्या छापील गद्याने हे शब्द गेल्या दीडशे वर्षांत माजघरात कोंडले, हे खरे. पण 'ओढ' आहे, 'आस' आहे, 'तहान' आहे. 'तू मला हवी आहेस' यातले 'हवी' आहे, जे 'केरेर'सारखेच कपभर चहापासून जिवाच्या आकांतापर्यंत पुरते. आणि ज्या भाषेची आजी महाराष्ट्री प्राकृत आहे, जिच्या 'गाथासप्तशती'त बायका आपली इच्छा मोकळेपणाने बोलतात, तिला शब्दांचे दारिद्र्य आहे असे कसे मानायचे? आपण विसरलो, एवढेच.

शब्द आखडून घेण्याचा मोह नवा नाही, आणि तो न आवरणाऱ्यांच्या हाती सत्ता असली की काय होते ते सालामांकाने पाहिले आहे. तिथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्राय लुईस दे लेओन या आगस्तिनियन साधूने हिब्रू बायबलमधले 'गीतरत्न' लोकभाषेत, म्हणजे कास्तीयच्या स्पॅनिशमध्ये उतरवले. ते लॅटिन न येणाऱ्या एका जोगिणीसाठी केले होते. चुंबनाच्या मागणीने सुरू होणारे ते काव्य. प्रस्तावनेत त्याने भाषांतराबद्दल जे लिहिले ते मला आजही पहिल्या दिवशी शिकवावेसे वाटते: मूळ शब्दाला जितके अर्थ असतील तितके भाषांतरातही राहू द्यावेत, भाषांतरकाराने आपल्या मताप्रमाणे ते कमी करू नयेत. हस्तलिखिताच्या नकला फिरल्या आणि मार्च १५७२ मध्ये धर्मन्यायालयाने त्याला पकडले. वायादोलिदच्या तुरुंगात तो डिसेंबर १५७६ पर्यंत होता. आरोप एकच नव्हता. तो बायबलच्या चर्चमान्य लॅटिन पाठापेक्षा हिब्रू मूळाला जास्त मानतो, हाही होता. पण दोन्ही आरोपांच्या तळाशी गोष्ट एकच: मान्य मध्यस्थ भाषा ओलांडून तो मुळाकडे गेला आणि तिथे जे प्रेम दिसले ते त्याने लोकांच्या शब्दांत सांगितले. आज आपल्याला कुणी तुरुंगात टाकणार नाही. मग 'देसेओ'च्या जागी 'वासना' लिहून आपण कुणाच्या भीतीने शब्द आखडतो?

आणि एक गोष्ट आहे जिथे मराठीच जास्त बोलून जाते. 'ते क्येरो' म्हणणारा पुरुष की स्त्री, आणि ज्याला म्हटले तो पुरुष की स्त्री, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही. मराठीत 'मी तुझ्यावर प्रेम करतो' म्हटले की बोलणारा उघड झाला, 'तू मला आवडतेस' म्हटले की ऐकणारी उघड झाली. बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. पण फेदेरिको गार्सिया लोर्काच्या अखेरच्या सुनीतांत सगळेच बिघडते. १९३५-३६ मध्ये लिहिलेली ही सुनीते पुरुषावरच्या प्रेमाची आहेत. ऑगस्ट १९३६ मध्ये लोर्काला गोळ्या घालून मारले. पूर्ण संच लोकांपुढे यायला १९८३ उजाडले, तोही निनावी, चोरटा छापलेला. पुढच्या वर्षी माद्रिदच्या एका वृत्तपत्राने ती उघड छापली तेव्हा मथळ्यात 'प्रेमाची सुनीते' एवढेच आले. 'काळोख्या प्रेमाची सुनीते' या नावातला 'काळोख्या' हा शब्द गळाला होता. अशा कवितेत सवयीने 'तू मला आवडतेस' लिहिणारा भाषांतरकार त्या गाळणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

त्यातल्या एका सुनीताची पहिली ओळ सांगते: मी तुझ्यावर किती प्रेम करतो ते तुला कधीच कळणार नाही. क्रियापद, अर्थातच, 'केरेर'. दुसरी ओळ सांगते, कारण तू माझ्यात झोपतोस आणि झोपलेला आहेस. स्पॅनिश पहिल्या ओळीत आणि दुसरीच्या पूर्वार्धात काही कळू देत नाही. दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी 'दोर्मिदो' येतो, आणि त्या एका ओकारान्त शब्दाने प्रियकर पुरुष असल्याचे कळते. दार उघडते ते तिथे. मराठीत हे साधायचे कसे, यावर आम्ही वर्गात एक अख्खी शनिवारची दुपार घालवली. 'प्रेम करतो' खोडले, कारण बोलणारा लगेच उघड होतो. 'झोपतोस' खोडले, कारण ते ओळीच्या मध्येच सगळे सांगून टाकते. फळ्यावर खाडाखोड इतकी झाली की डस्टरही पांढरे झाले. मग मला त्या आजींची बशी आठवली, माशाचे काटे आठवले, आणि मी पहिली ओळ लिहिली. दुसरी एका विद्यार्थ्याने पूर्ण केली, शेवटचा शब्द शेवटीच ठेवून:

तुझ्यावर माझा किती जीव आहे, ते तुला कळणार नाही कधीच,
कारण तुझी नीज माझ्यात आहे, आणि तू निजलेला.